शिवीचा भाव

शिवी म्हंजे घाण शब्द, असं आपल्याला शाळेत शिकवलं. मास्तरानं सांगितलं, आपण मान हलवली. पण शब्दाला वास नसतो. तो कुणाच्या तोंडातनं कुणाच्या कानात गेला, आणि गेल्यावर बोलणाऱ्याला काय मोजावं लागलं, त्यावर शिवी ठरते. ज्याला काहीच मोजावं लागत नाही त्याच्या तोंडी शिवी फुकट असते. त्याला ती शिवी वाटतसुद्धा नाही. आणि ज्याला एका शब्दापायी जीभ द्यावी लागते, त्याच्यासाठी साधा नमस्कारही महाग असतो.

म्हणून मी म्हणतो, शिवीला भाव असतो. बाजारात जवारीला असतो तसा. हा भाव कुणीतरी ठरवलेला असतो, लिहून ठेवलेला असतो, आणि वेळोवेळी बदललेला असतो. त्याचा हिशोब आज मांडतोय. कामून मांडतोय? कारण दोन बाजूंनी दोन सवाल येतात. बाहेरचे विचारतात, तुमच्या साहित्यात इतक्या शिव्या कशाला? आणि आपल्यातलीच नवी पोरं विचारतात, ते आपल्याला शिव्या देतात तर आपण भाषणात, कवितेत, मोर्चात का देऊ नयेत? दोन्ही सवालांचं उत्तर एकाच हिशोबात आहे.

पहिलं दरपत्रक मनुस्मृतीत आहे. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली महाडला २५ डिसेंबर १९२७ ला जाळली तीच पोथी. तिचा आठवा अध्याय काढून बघा. क्षत्रियानं ब्राह्मणाला शिवी दिली तर दंड १०० पण. वैश्यानं दिली तर १५०, नायतर २००. शूद्रानं दिली तर पैशात सुटका नाही, शरीराला शिक्षा. आता उलटं बघा. ब्राह्मणानं क्षत्रियाला शिवी दिली तर ५० पण, वैश्याला दिली तर २५, शूद्राला दिली तर १२. शिवी तीच, पण वरून खाली टाकली की स्वस्त आणि खालून वर फेकली की महाग. पुढं तर आणखी आहे. शूद्रानं द्विजाला कठोर बोल लावला तर त्याची जीभ छाटायची. नाव आणि जात घेऊन हिणवलं तर दहा बोटं लांबीचा तापलेला लोखंडी खिळा तोंडात घालायचा. ब्राह्मणाला धर्म शिकवायला गेला तर तोंडात आणि कानात उकळतं तेल.

आता विचारा, या यादीत आपण कुठं आहोत? शूद्राला शिवी दिली तर निदान १२ पण तरी. आपला आकडाच नाही. ज्याला दिलेल्या शिवीची किंमत शून्यसुद्धा लिहायची गरज वाटली नाही, तो माणूस म्हंजे आपला पूर्वज.

त्याच पोथीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवायची तेही सांगितलंय. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं किळस यावी असं असावं. म्हंजे हाक मारली की शिवी दिल्यासारखीच व्हावी. कुणी म्हणेल, ही जुनी पोथी, ती कोण वाचतंय? गावानं पोथी वाचली नव्हती, पण गाव ती बोलत होतं. गावातला धोंडिबा पाटील शेवटपर्यंत धोंडिबाच राहिला. आमच्या वाड्यातला धोंडिबा मात्र धोंड्या झाला. कोंडिबाचा कोंड्या, मारोतीचा मारत्या, सखूबाईची सखे. काही नावं आईबापांनीच पोराला नजर लागू नये म्हणून कचरू, दगडू अशी ठेवली, हेही खरं. पण पाटलाचं पाच वर्षांचं पोर सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला 'ए कचऱ्या' म्हणतं तेव्हा त्यात नजर उतरवण्याचा भाग नसतो. या हाकेत एकसुद्धा अश्लील अक्षर नाही. कोणत्याही सभ्य माणसाच्या घरात ती चालते. आणि तरी ती शिवी आहे.

नायगाव, बिलोली, देगलूर, कंधार हा सगळा आपला मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राजा मुसलमान होता म्हणून गावातली हाक बदलली नाही. इंग्रजांच्या मुलखात असो की निजामाच्या, महारानं वाकून 'जोहार' म्हणायचं आणि समोरच्यानं 'काय रे' म्हणायचं, हा दर सगळीकडं सारखा होता. बोलीभाषेत तर तो आजही सापडतो. 'गाव तिथं महारवाडा' ही म्हण मराठी म्हणींच्या संग्रहात छापलेली आहे. अर्थ दिलाय, चांगल्याबरोबर वाईट असायचंच. घरात पसारा झाला की चांगल्या शिकलेल्या बाया पोरांवर ओरडतात, 'काय महारवाडा मांडलाय!' त्या बाईला विचारा, तुम्ही शिवी दिली का? ती म्हणेल, अगंबाई, आमच्या घरात कुणी शिव्या देत नाही. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी ठेवायचा निर्णय घेतला. पाटीवरचं नाव सरकार बदलू शकतं. म्हणीतलं नाव बोलणाऱ्यालाच बदलावं लागतं.

मी मिलमधला माणूस, म्हणून एक दाखला गिरणीचा देतो. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचाखात्यात, म्हंजे विणकामात, अस्पृश्यांना घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा संपला की विणकर तोंडानं ओढून नवा धागा काढायचा. आमच्या तोंडाचा धागा विटाळतो म्हणून सवर्ण कामगारांचा विरोध. विणकामात पगार जास्त, म्हणून आमच्या तोंडाची किंमत आमच्या पगारातनं कापली जायची. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना हाच सवाल केला की साचाखातं अस्पृश्यांना खुलं करण्याची मागणी तुमच्या यादीत का नाही? इथं कुणी शिवी दिली नव्हती. पण ज्या तोंडाची थुंकी विटाळ ठरते त्या तोंडाचा शब्द कोण ऐकणार? शिवीचा भाव समजून घ्यायचा तर आधी तोंडाचा भाव समजला पाहिजे.

आता आपण बोलायला लागल्यावर काय झालं ते बघू.

१८५५ मध्ये जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग जातीच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद वाचायचा अधिकार आम्हाला नाही तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल तिनं केला. सबंध निबंधात शिवी नाही, पण पेशवाईतल्या जुलमाचं एकही नाव तिनं झाकलं नाही. मी हे पुढं पुन्हा काढणार आहे, म्हणून ध्यानात ठेवा.

जोतीरावांचं 'गुलामगिरी' १८७३ चं. त्यांनी पोथ्यापुराणांची साल काढली, आणि ती गावाच्या भाषेत काढली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त त्यांच्या व्याकरणाची टिंगल केली. मुद्द्याला उत्तर देण्याआधी भाषेला हात घातला. ही खोड तेव्हापासूनची आहे, मित्रांनो. तुम्ही म्हणता, आम्हाला लुबाडलं. ते म्हणतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय. पुढं जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा 'दीनबंधू'नं पहिली दोन प्रकरणं छापली आणि पुढं हात आखडला. 'दीनबंधू' कुणा भटाचा नव्हता. तो नारायण मेघाजी लोखंड्यांचा होता, गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणाऱ्या आपल्याच माणसाचा. म्हंजे भीती बाहेरच बसलेली नसते, ती आपल्या छापखान्यातही येऊन बसते.

बाबासाहेब या भांडणात कुठं उभे होते? रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढायचे. त्यात ते कामजीवनावर लिहायचे, वाचकांच्या सवालांना खुली उत्तरं द्यायचे. अश्लीलतेच्या आरोपाखाली त्यांच्यावर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लीलच, हे त्यांनी मान्य केलं नाही. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण आपला बाप कोणत्या बाजूला उभा होता तेवढं आपल्याला कळलं.

आणि दुसरी गोष्ट १९३८ ची. मुंबईच्या कायदेमंडळात काँग्रेस सरकारनं लोकल बोर्डाच्या दुरुस्ती बिलात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द घातला. कानाला किती गोड शब्द. देवाची लेकरं. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी उठून सभागृहाबाहेर गेले. ज्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय दुसऱ्यानं ठेवलं ते नाव कितीही साखरेत घोळलं तरी शिवीच, हे त्या दिवशी त्यांनी दाखवलं. सरकारला हे कळायला वेळ लागला. जातीच्या दाखल्यावर 'हरिजन' लिहू नका असं केंद्र सरकारनं १९८२ मध्ये कळवलं. आणि हा शब्द सवर्ण माणसं हिणवायला वापरतात असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये म्हटलं. १९३८ ते २०१७, म्हंजे ७९ वर्षं. बाबासाहेबांना जे एका मिनिटात कळलं ते देशाला कळायला एक माणूसभर आयुष्य गेलं.

एका बाजूला कर्व्यांचे उघडे शब्द, त्यांच्या बाजूनं बाबासाहेब उभे. दुसऱ्या बाजूला 'हरिजन' हा झाकलेला शब्द, त्याच्या विरोधात बाबासाहेब उभे. अश्लील काय आणि अपमान काय, यातला फरक एवढ्यात समजतो.

मग १९७२ साल उजाडलं. त्या एका वर्षात मराठी भाषेचा भाव फुटला. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. कामाठीपुऱ्याच्या गल्लीतले, रांडांचे, दल्ल्यांचे, भिकाऱ्यांचे, रोग्यांचे शब्द सरळ कवितेत. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. मराठीत इतकी वर्षं लिहिणाऱ्या नाटककारालासुद्धा त्यातल्या कितीतरी शब्दांचे अर्थ कवीला विचारून घ्यावे लागले. शब्द मराठीच होते, मुंबईतच बोलले जात होते, पण मराठी साहित्याच्या कानापर्यंत ते पोचलेच नव्हते. त्याच वर्षी तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाची कुऱ्हाड आली आणि कमलाकर सारंगांना हायकोर्टात जाऊन नाटक सोडवून आणावं लागलं. त्याआधी भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर आचार्य अत्र्यांनी झोड उठवली होती. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात छापली म्हणून खटला भरला आणि १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टात ते सुटले. म्हंजे सवर्ण लेखकांनाही हा त्रास झाला, हे नाकारायचं कारण नाही. पण त्यांच्यावर आरोप होता तो नीतीचा. आपल्यावरचा आरोप जास्तीचा होता. आपण उघडं लिहिलं याचा राग होताच, त्यातही 'यांनी' लिहिलं याचा राग मोठा होता. तुकोबांच्या गाथेत याहून रांगडे शब्द आहेत. ती गाथा लोक डोक्यावर घेऊन नाचतात. नाचावंच. पण मग 'गोलपिठा' वाचताना नाकाला पदर कशासाठी?

त्याच १९७२ च्या १५ ऑगस्टला 'साधना'च्या अंकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. पाठीमागं आपल्याच मराठवाड्याचा संदर्भ होता. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात बौद्ध बायांची विटंबना झाली होती. ढाल्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले. दलित बाईच्या साडीला हात घातला तर दंड ५० रुपये. राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर ३०० रुपये. मग झेंड्याविषयी त्यांनी जो शब्द वापरला त्यावर महाराष्ट्र पेटला. दुर्गाबाई भागवतांसारख्या, एरवी लेखनस्वातंत्र्यासाठी भांडणाऱ्या लेखिकेनंही आक्षेप घेतला. सगळी चर्चा त्या एका शब्दावर. ५० रुपयांवर कुणी बोलेना.

मला वाटतं, ढाल्यांनी मनूचं दरपत्रकच नव्यानं वाचून दाखवलं. ब्राह्मणाचे १०० पण, शूद्राचे १२. झेंड्याचे ३००, बाईचे ५०. त्यांनी शिवी दिली ती भाव उघडा करायला. मध्यमवर्गानं ओरडा केला तो भाव झाकायला. आपल्या साहित्यात शिव्या कशाला, या सवालाचं हे पहिलं उत्तर आहे. जिथं बिगरशिवीच्या भाषेत शंभर अर्ज करून कुणी मान वर करत नाही, तिथं एका शब्दानं सगळ्या माना वळल्या.

दुसरं उत्तर आपल्या आत्मकथनांनी दिलं. त्यांची नावंच वाचा. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी', १९८४. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर', १९९४. आणि आपल्या लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड, लातूरच्या सूतगिरणीत राबलेला आपलाच कामगार, त्यांचं 'उचल्या', १९८७. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ही सगळी नावं म्हंजे गावानं दिलेल्या शिव्या. 'उचल्या' ही तर नुसती गावाचीही शिवी नाही, सरकारचीही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पोटातल्या पोराच्या कपाळावर चोर लिहिलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पोलिसाच्या तोंडातली शिवी राहिली. ती शिवी उचलून लेखकानं स्वतःच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावली. आता दिल्लीच्या ग्रंथालयात कुणी ते नाव घेतो तेव्हा तो पुस्तकाचं नाव घेतो. शिवी देणाऱ्याच्या हातातला दगड काढून घेऊन त्याचा पाया भरावा, तसं हे झालं.

उलटंही घडलं. आमचा मान त्यांना शिवी वाटायला लागला. 'जोहार' सोडून आपण 'जय भीम' म्हणायला लागलो. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी हा नमस्कार रुजवला. दोन शब्द, त्यात कुणाच्या आईचं नाव नाही, बहिणीचं नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांनी 'जय भीम' म्हणणं सोडलं नाही. त्यांना हालहाल करून मारलं. पोचीराम मातंग होते. दोन शब्दांचा भाव त्यांनी जिवानं मोजला. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडली. तुम्हाला वाटेल, हे जुनं झालं. १ जून २०२३ ला नांदेडला खेटून असलेल्या बोंढार हवेलीत एका बौद्ध तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती काढली या रागातनं, जातीवरून शिव्या देत हल्ला केला, असा आरोप आहे. म्हंजे त्यांच्या शिवीला आजही किंमत नाही, आणि आमच्या नमस्काराची किंमत आजही तीच आहे.

आता कायद्याचं दरपत्रक. अश्लील पुस्तक आणि अश्लील बोल यांची कलमं, २९२ आणि २९४, इंडियन पीनल कोडात १८६० पासून. १ जुलै २०२४ पासून नव्या न्याय संहितेत त्यांची जागा २९४ आणि २९६ या कलमांनी घेतली. मुद्दाम अपमान करण्याविरुद्धही जुन्या कोडात ५०४ कलम होतं. पण त्याची अट बघा. अपमान असा हवा की ज्यानं समोरचा चिडून शांतता मोडेल. जो मान खाली घालून निघून जाईल त्याच्या अपमानाचं काय? आमचा आजा चिडून पाटलावर धावून जाणार होता काय? ज्याची चिडायची ताकद नाही त्याचा अपमान कायद्याच्या मापातच बसत नव्हता.

१९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा आला. १९७६ मध्ये तो नागरी हक्क संरक्षण कायदा झाला आणि अस्पृश्यतेवरून अपमान केला तर एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड, असा भाव लागला. पुढं १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. आपण ज्याला 'ॲट्रॉसिटी' म्हणतो तो. त्यात सहा महिने ते पाच वर्षं. २०१५ च्या दुरुस्तीनं जातीचं नाव घेऊन शिवी देणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून लिहिला गेला, कलम ३(१)(एस). १८६० ते १९८९ मोजा. अश्लील शब्दानं सभ्य माणसाचा कान विटाळतो हे कायद्याला पहिल्या दिवशी कळलं. जातीच्या शिवीनं माणूस मोडतो हे कळायला १२९ वर्षं लागली.

आणि कळल्यावरही अट आहेच. शिवी लोकांच्या नजरेपुढं दिलेली पाहिजे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी नसताना दिली तर हा गुन्हा होत नाही, असं सुप्रीम कोर्टानं ५ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सांगितलं. मालकाच्या ऑफिसात, सावकाराच्या ओसरीवर, बंद दाराआड जे बोललं जातं त्याला साक्षीदार कुठनं आणायचा? आणि गावात चौकात दिली तरी साक्षीला उभं कोण राहणार?

इथं लातूरचा एक खटला आठवा. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची 'गांधी मला भेटला' ही कविता बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात १९९४ मध्ये छापली गेली. अंक सभासदांपुरता. पुण्यातनं तक्रार झाली, खटला लातूरच्या कोर्टात उभा राहिला, आणि १४ मे २०१५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. माफी मागितलेल्या संपादक-प्रकाशकाला आणि मुद्रकाला सोडलं, कवीवरचा आरोप कायम ठेवला. आदरणीय ऐतिहासिक माणसाच्या तोंडी असले शब्द घातले तर समाजाची कसोटी जास्त कडक लावायची, असं कोर्ट म्हणालं. २१ वर्षं एका कवितेमागं कायदा धावला. मला गांधीचा अपमान व्हावा असं म्हणायचं नाही. माझा सवाल एवढाच आहे, की 'समाजाची कसोटी' म्हणताना समाज कोणता? ज्याच्या घरात 'महारवाडा मांडलाय' ही शिवी नसते, तोच ना?

म्हणून पहिलं काम सांगतो. पोलीस ठाण्यात गेलात की फिर्यादीत एक ठरलेलं वाक्य येतं, 'जातिवाचक शिवीगाळ करून'. पेपरातही तेच छापतात. हे वाक्य सभ्य आहे आणि म्हणूनच धोक्याचं आहे. त्यात शिवी गायब होते. पुढं कोर्टात वकील विचारतो, नेमकं काय म्हणाला? कागदावर काहीच नसतं. लाजू नका. जे शब्द बोलला ते जसेच्या तसे लिहायला लावा, मग ते कितीही घाण असोत. कुठं उभा राहून बोलला, कोण ऐकत होतं, तेही लिहा. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती घ्या. या गुन्ह्याचा तपास डीवायएसपीच्या खालच्या अधिकाऱ्यानं करायचा नसतो, हे ठणकावून सांगा. जे काम ढसाळांनी कवितेत केलं ते तुम्हाला फिर्यादीत करायचंय. झाकलेला शब्द उघडा लिहायचाय.

आता शेवटचा सवाल. मग आपणही द्याव्यात का शिव्या?

मिलमध्ये रात्रपाळीला मी ऐकतो. मुकादम कामगाराला शिवी देतो ती आईवरून. कामगार ती गिळतो आणि हाताखालच्या पोऱ्याला देतो, बहिणीवरून. पोऱ्या घरी जाऊन बायकोला देतो, तिच्या बापावरून. शिवी खाली खाली उतरत जाते आणि शेवटी जिच्याखाली कुणीच नाही त्या बाईपाशी येऊन थांबते. मनूचं दरपत्रक याहून वेगळं काय होतं? मराठीतल्या शिव्या घ्या. शंभरातल्या बहुतेक बाईच्या अंगावरनं जातात. भांडण दोन पुरुषांचं आणि विटंबना तिसऱ्याच बाईची, जी तिथं हजरही नसते. आपल्या बायांना तर ही शिवी दोनदा लागते. हापशावर जातीवरून, घरात बाईपणावरून. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते वीस वर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. ही गोष्ट बाहेरच्यांनी आपल्याला हिणवायला सांगितलेली नाही. आपल्या बाईनंच आपल्याला सांगितलीय.

तेव्हा हिशोब असा पडतो. गोलपिठ्यातल्या बाईचं जगणं सांगताना तिच्या तोंडचा शब्द लिहायचा, तो गाळायचा नाही, फुल्या मारायच्या नाहीत. गावानं आपल्याला दिलेली शिवी जशीच्या तशी कागदावर मांडायची, कारण तो पुरावा आहे. व्यवस्थेला, देवाला, झेंड्याला, पुढाऱ्याला सवाल करताना शब्द कडक झाला तर होऊ द्यायचा. पण मोर्चात मनुवाद्याला शिवी द्यायची म्हणून त्याच्या आईवर घसरायचं, हे आपलं काम नाही. त्याची आईसुद्धा मनूच्या त्याच पोथीखाली दबलेली आहे. ती शिवी आपण उच्चारली की त्यांचंच दरपत्रक आपण आपल्या हातानं पुन्हा भिंतीवर लावतो.

मुक्ता साळवेकडं परत जा. पोरगी शाळकरी होती. पेशवाई बुडून पुरती चाळीस वर्षंही झाली नव्हती. भोवती पुण्याचा ब्राह्मणवर्ग होता. तिनं एकही शिवी वापरली नाही आणि तरी तिचा शब्द इतका तापलेला आहे की आजही हात लावला तर भाजतो. ढसाळांचा शब्द आपला आहे आणि मुक्ताचाही आपला आहे. दोघांनी भाव उघडा केला. एकानं घाण शब्द उजेडात आणून, आणि एकीनं स्वच्छ शब्दात घाण दाखवून. आपल्या पोरांनी दोन्ही शिकावं. कुठं कोणता चालवायचा ते ज्याचं त्यानं आपल्या आईला समोर बसवून ठरवावं. तिच्यासमोर जो शब्द उच्चारता येतो, आणि पाटलासमोरही जो न कापता उच्चारता येतो, तो आपला शब्द.

जय भीम.